वस्तादांकडचा माणूस

विजयसिंह पुन्हा आला, तेव्हा स्नेहलने त्याला बसा म्हटलं नाही. तो आपणच खुर्ची ओढून बसला.

आतल्या खोलीत सम्राट आणि त्याची आई शालूबाई जेवत होते. सकाळच्या एसटीने शिरोळहून आले होते. उद्या न्यायाधीशांसमोर सम्राटचा जबाब होता. तालमीत वस्तादांनी आपल्याशी काय केलं, ते त्या अकरा वर्षांच्या पोराला आणखी एकदा सांगायचं होतं. अशा मुलांसाठी काम करणाऱ्या या संस्थेत स्नेहल बरीच वर्षं होती. जबाबापर्यंत पोराला आणि त्याच्या घरच्यांना धरून ठेवणं हे तिचं काम. आणि बहुतेक वेळा तेच जमत नाही, हेही तिला माहीत झालं होतं.

इकडची रीतच तशी. तक्रार झाली की दुसऱ्या दिवसापासून वस्तादांकडची माणसं यायला लागतात. आवाज कुणी चढवत नाही. चहा पितात, ऊसपाण्याची चौकशी करतात आणि उठताना म्हणतात, आपसात मिटवूया. शालूबाईच्या थोरल्याला कारखान्यात चिकटवायचं बोलून झालं होतं. गावातल्या जाणत्यांनी समजावलं होतं, पोरगी असती तर गोष्ट वेगळी, पोराला काय होतंय. मागच्या साली असाच एक मुलगा जबाबाच्या आदल्या दिवशी फिरला होता. स्नेहलला त्याचा राग आला नव्हता. नुसता थकवा आला होता, तो अजून गेला नव्हता.

आणि हा विजयसिंह तर वस्तादांचा सख्खा मुलगा. चाळिशीचा, कान मोडलेला, अंगाने भरलेला. याआधी दोनदा आला होता. मिटवण्याचं बोलला नव्हता, नुसते प्रश्न विचारून गेला होता. पोरगं रात्री झोपतंय काय? आईला खरं वाटलं काय त्याचं? पेपरात नाव येतं काय? घरच्यांना कुठून पकडायचं ते हा चाचपतोय, हे ओळखून तिने काहीच सांगितलं नव्हतं.

"पोरगं उद्या बोलंल न्हवं?" त्याने विचारलं.

"ते तुम्हाला कशाला सांगू?"

"वकील लई फिरवतात, मॅडम. एवढी पोरं तालमीत, मग तू एकटाच कसा, असं विचारतील त्याला."

धमकी अशाच मऊ आवाजात येते. स्नेहल उभी राहिली. पोराला भेटता येणार नाही, आईलाही नाही, तुम्ही निघा, असं तिने सरळ सांगितलं.

तो उठला नाही. तेवढ्यात खरकटी ताटं घेऊन शालूबाई बाहेर आली आणि त्याला पाहून दारातच थांबली. सम्राटला तालमीत घातलं तेव्हा तिच्या हातचा नारळ यानेच घेतला होता. तिने ताटं हळूच खाली ठेवली.

"ताई, ऱ्हाऊ द्या आता," ती म्हणाली. "आमी संध्याकाळच्या गाडीनं जातो. ह्यांच्यासंगं वैर घेऊन गावात नांदायचं कसं? आन् माझ्या एकट्या पोराचं कोण खरं मानतंय?"

अशा वेळी सांगायचं सगळं स्नेहलला पाठ होतं. मागच्या साली त्या मुलाच्या घरच्यांनाही तिने तेच सांगितलं होतं. आतून नळाचा आवाज येत होता. सम्राट हात धूत होता, कितीतरी वेळ.

विजयसिंह उठला आणि आपली खुर्ची त्याने शालूबाईकडे सरकवली.

"बसा, मावशी. कुटं जाऊ नका," तो म्हणाला. मग स्नेहलकडे वळला, पण तिच्याकडे बघेना. "माझा बी जबाब घ्या, मॅडम. तालमीतनं पळून जायला सम्राटला घर तरी हुतं. माझं घरच त्ये हुतं."