मिठाच्या पाण्यातला बटाटा

भिंतीपलीकडच्या लिंबोणीची पानं अंगणात पडतात, म्हणून जळबा गुरुजींनी शेजारच्या सद्दामशी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं. "ते झाड मी ठेवणार न्हाई!" हे त्यांचं शेवटचं वाक्य. सद्दामच्या लेकीला, आफिफाला, मात्र ते जीव लावून शिकवत.

आज त्यांनी मिठाच्या पाण्यात भिजून लुळी पडलेली बटाट्याची फोड तिच्या हातावर ठेवली.

"बाहेर मीठ जास्त झालं, की पेशीतलं पाणी पटलातून बाहेर जातं. पेशी सुकते."

"मुळांचंबी असंच व्हतं, गुरुजी?"

"व्हय, बराबर!" गुरुजी खुलले.

आफिफा घरी पळाली आणि वाळत चाललेल्या लिंबोणीच्या बुडाची मूठभर माती घेऊन आली.



"मंग ही चाखून बघा, गुरुजी. तुमच्या भिंतीकडचीच खारट काहून हाय?"