पंपाचं बटण

"अहो बाबा, मोबाइलवर पंप बंद दिसतोय ना, फ्यूज कशाला काढताय?" मी म्हणालो. चाळीस वर्षं वायरमन असलेले बाबा फ्यूज काढल्याशिवाय वायरला बोट लावत नसत. आज माझ्या शब्दाखातर लावलं. पंपासाठी मायक्रोकंट्रोलरच्या इवल्याशा चिपवर चालणारा रिमोट स्विच मीच बनवला होता आणि शेखी मिरवायला कालच ताईच्या मोबाइलवरही त्याचं बटण दिलं होतं. बाबा पंपाची सैल वायर पिळत असताना स्विचवरचा लाल दिवा लागला. त्यांचा हात वायरला चिकटला आणि मी दीडशहाणा खांबासारखा बघत राहिलो. आईनं मेन स्विच पाडला तेव्हा कुठे ते सुटले. तेवढ्यात ऑफिसातून ताईचा मेसेज आला: "बटण दाबून बघितलं. पंप लागला का रे?" करपलेली बोटं छातीशी धरून बाबा म्हणाले, "लागला म्हणावं. बाकी तिला एक अक्षर लिहू नकोस."