मोजणीची वेळ

"पुलावर दोन तासांत अकरा सायकली," अभियंत्यांनी अंदाजपत्रकाच्या सभेत अहवाल वाचला. "सायकल मार्गाचा निधी वाहनतळाकडे वळवावा."

नगरसेविका शेवंता गायधनी उठल्या. निवडून येण्याआधी वीस वर्षे त्या याच पुलावरून सायकलने सूतगिरणीत जात. "मोजणी किती वाजता केली, साहेब?"

"कार्यालयीन वेळेत. अकरा ते एक."

"तेव्हा सायकली गिरणीच्या शेडात असतात आणि बाया मशीनवर. उद्या सकाळी साडेसहाला मोजा. मगच ठराव मांडा."

"ताई, साडेसहाला मुख्याधिकारी उठतात तरी का?" मागच्या बाकावरून एकजण म्हणाला. सभागृह हसले. मुख्याधिकारी हसले नाहीत. "मी स्वतः येतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी पुलाच्या मध्यावर अडकली. पुढेमागे डबे लटकवलेल्या सायकलीच सायकली. एक ट्रक हॉर्न वाजवत बायांना कठड्याकडे रेटत होता. अभियंत्यांनी तीनशेनंतर मोजणे थांबवले.

मुख्याधिकारी खाली उतरून पुलाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या शेवंताताईंकडे गेले. "ताई, मार्गाची रुंदी दीड मीटर पुरेल?"

"अडीच ठेवा," शेवंताताई म्हणाल्या. "बाया जोडीने बोलत जातात."