आषाढ सहादूकडे

गोजराबाई बांधावर बसली ती बसलीच. सहादूने तिला हाताला धरून पाहिलं, दरडावून पाहिलं, शेवटी तो पाया पडला. म्हातारी हलेना. वर आभाळ गच्च भरलेलं, आणि त्या ढगांच्याही वर कुठेतरी अमेरिकेचं निकामी झालेलं अंतराळस्थानक, स्कायलॅब, शेवटच्या घिरट्या घालत होतं. आज नाहीतर उद्या पडणार, असं रेडिओ सांगत होता. कुठे पडणार, ते मात्र रेडिओलाही ठाऊक नव्हतं.

मखमलाबादच्या मळ्यांत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे, घराएवढं लोखंड आहे. कुणी म्हणे, अख्खं नाशिक भाजून निघेल. मरायचंच तर रश्श्याची वासना मागे राहायला नको, म्हणून लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या होत्या. बाजारात जायला कुणी धजेना, मेथी वाफ्यातच फुलावर आली. ढगांनी तर भीतीत भरच घातली. येताना दिसलं असतं तर माणूस पळाला तरी असता.

गोजराबाईची भीती मात्र वेगळीच होती. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तिची दोन पोरं हातघाईवर आली, आणि मळ्याच्या मधोमध बांध पडला. अलीकडे थोरला सहादू, पलीकडे धाकटा गोटीराम. बैल वाटले, भांडी वाटली, तशी आईही वाटली. ज्येष्ठ गोटीरामकडे, आषाढ सहादूकडे, श्रावण पुन्हा गोटीरामकडे. मध्ये एकदा अधिक महिना आला, तर पठ्ठ्यांनी तोही निम्मा निम्मा करून घेतला. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलला नव्हता. महिना संपला की एकाने म्हातारीचं गाठोडं बांधावर आणून ठेवायचं, आणि तो गेला की दुसऱ्याने उचलायचं.

"आई, महिना माझा हाय. घरात चल," सहादू म्हणाला.

"आन् ते गोटीरामच्या घरावर पडलं तर? मी तुज्या घरात जित्ती राहून काय करू? आन् त्याच्याकडं गेले आन् तुज्यावर पडलं तर?" म्हातारी म्हणाली. "मला नाय जायचं कुनाच्या घरात. मी हितंच बसते."

आता उघड्यावर आईला एकटं कसं सोडणार? सहादू कपाळाला हात लावून तिच्या शेजारी बसला. पलीकडून गोटीराम हे सगळं पाहत होता. थोड्या वेळाने तोही घोंगडी आणि ट्रान्झिस्टर घेऊन आला आणि आईच्या दुसऱ्या बाजूला, भावाकडे पाठ करून बसला. मग सहादूची बायको चांगुणा चहा घेऊन आली, गोटीरामची झुंबर भाकरी घेऊन आली, दोन्हीकडची पोरं आली. सगळं खटलं बांधावर जमलं. सगळे वर बघत होते.

दिवस कलला आणि ढगांच्या पोटात कानठळ्या बसवणारा आवाज झाला. पायाखालची माती हादरली. "आलं!" असं कुणीतरी किंचाळलं. ओझरच्या कारखान्याचं लढाऊ विमान होतं ते. रोज जायचं, रोज पोरं त्याला हात करायची. पण त्या घटकेला ओझर कुणाला आठवतंय?

गोजराबाई चिखलात पालथी पडली होती. तोंडात माती गेली होती. तिच्या अंगावर दोन्ही बाजूंनी दोन पोरं पडली होती. सहादूने एका हाताने आईला आणि दुसऱ्या हाताने गोटीरामची मान घट्ट धरली होती. "दादा, दादा रं," एवढंच गोटीराम म्हणत होता, लहानपणी वीज कडाडली की म्हणायचा तसं.

"हाय रं. मी हाय," सहादू म्हणाला.

आवाज विरला तरी कुणी उठलं नाही. रात्री दोन चुलींचं जेवण बांधावर एकत्र झालं, आणि एकाच ताडपत्रीखाली सगळ्यांनी रात्र काढली.

सकाळच्या बातम्यांत रेडिओने सांगितलं. स्कायलॅब पडलं. लांब ऑस्ट्रेलियाकडे, काही समुद्रात, काही ओसाड रानात. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मळ्यामळ्यांतून आरोळ्या उठल्या, आणि कापलेल्या कोंबड्यांची हळहळ सुरू झाली. झुंबरने आपली भांडी वेगळी केली. चांगुणाने आपली पोरं हाकारली. गोटीरामने घोंगडी झटकली, ट्रान्झिस्टर बगलेत मारला. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, पण त्याची नजर विहिरीकडे गेली. तो तसाच आपल्या वाटेला लागला.

"चल आई," सहादू दुसरीकडे बघत म्हणाला. "आषाढ हाय."

गोजराबाई उठली नाही. आठवडाभर ज्याच्या भीतीने पाणी गोड लागलं नव्हतं, त्या आता मोकळ्या झालेल्या आभाळाकडे ती बघत राहिली.

"गोट्या, थांब," तिने हाक मारली. दोघंही भाऊ थांबले.

"त्या रेडिओला इचार," ती म्हणाली, "दुसरं कधी पडनार हाय?"