विहिरीच्या तळातून

लातूर नवा जिल्हा झाला, त्या साली पावसानं दडी मारली. गावविहिरीतला गाळ काढायला माझा मुलगा ग्यानोबा उद्या उतरणार होता. सोमवारची पूजा आटोपून मी शाळेत गेले. सिनेमाचं शिकलेला माझा भाचा नरसिंग आमच्या दुष्काळाचा सिनेमा दाखवणार होता.

काय नजर पोराची! कॅमेरा भुईला टेकवून त्यानं घागर घेतलेली शेजारची नागुबाई देवीएवढी उंच केली होती.

"बया, सासू आज असती तर मला भ्याली असती!" नागुबाई म्हणाली.

मग पडद्यावर विहिरीचा काठ आला, थेट तळातून पाहिलेला. मधे गोल आभाळ, भोवती आमचे वाकलेले चेहरे. इतकं देखणं चित्र मी कधी पाहिलं नव्हतं.

"लई भारी घेतलास रं," मी हळूच म्हणाले.

नरसिंग हसेना. "मावशी, म्या आत उतरलोच न्हाई. कुणीच उतरलं न्हाई."

सिनेमा काढला त्या दिवशी काठावर ग्यानोबा माझ्या शेजारी उभा होता, माझा हात त्याच्या खांद्यावर होता. पडद्यावर हात तसाच होता, अधांतरी. खाली खांदा नव्हता.

सिनेमाला आवाज नव्हता. पण पडद्यावर मी तळाकडं बघत होते आणि माझे ओठ ग्यानोबाला हाक मारत होते.