राजाचं वाक्य

थडग्यातल्या राजानं डोळे उघडले आणि दिग्विजयनं तोंडात टाकलेलं भजं तसंच गालात धरलं.

राजा, थडगं, बाहेरचं वाळवंट, सगळं शिवलीलानं रचलेलं. लोहाऱ्यात दिग्विजयच्या वडिलांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, त्याच्या माडीवर रविवारी दुपारी हा खेळ चालतो. गोष्ट शिवलीलानं सांगायची. आपापलं पात्र काय करतंय ते दिग्विजय आणि अर्पितानं सांगायचं. आणि जमलं की फसलं, ते वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. दिग्विजय तलवारबाज होता, अर्पिता जडीबुटीवाली. दोन वर्षं दोघं त्याच पात्रांना जिवापाड सांभाळत आले होते. हे थडगं अवघड आहे, इथं मराल, असं शिवलीलानं आधीच बजावलं होतं. दोघांनी ते हसण्यावारी नेलं.

"राजा उठून बसला," शिवलीला म्हणाली. "त्यो म्हणतो, मला ह्या थ... थ..."

शिवलीला अडखळत बोलते. घरचे असोत, मास्तर असोत, दुकानदार असो, तेवढा दम कुणालाच नसतो. तिचा शब्द अडला रे अडला की समोरचा तो पुरा करून मोकळा होतो. अर्पिता तर या कामात तरबेज. पाचवीपासून शेजारी बसलेली, शिवलीलावर जीव टाकणारी. कॉलेजात तोंडी परीक्षेला ही बाई दाराबाहेर उभी होती, आणि तिथूनच तिनं परीक्षकांना शिवलीलाचं उत्तर सांगून टाकलं होतं.

"थडग्यातनं," अर्पिता म्हणाली.

शिवलीलानं हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुझी ज... जडीबुटीवाली वाळू झाली."

दिग्विजयनं भजं न चावताच गिळलं.

"आं? मी काय केलं?" अर्पिता म्हणाली.

"दारावर काय को... कोरलं व्हतं?"

दारावरचं अर्पितानंच मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. राजाचं बोलणं तोडू नये. दोघांना वाटलं होतं, जुन्या दारावर असतं तसं असेल काहीतरी शोभेचं.

"अगं, पण ते मी बोलले. माझी जडीबुटीवाली कुठं बोलली?"

"राजाम्होरं त... तूच बसलीस."

"शब्द बरोबर व्हता का न्हाय?" अर्पितानं विचारलं.

"बरोबर व्हता," शिवलीला म्हणाली. "पण त्यो राजाचा व्हता."

अर्पितानं फासा उचलला. "मग एकदा टाकू तरी दे."

"ह्याला फा... फासा न्हाय."

"मी तुला मदत करायले व्हते, शिवे." अर्पितानं फासा खाली ठेवला.

शिवलीलाला वाईट वाटलं, फार वाईट. पोरगी खोटं बोलत नव्हती. 'जाऊ दे' एवढंच म्हणायचं होतं, आणि त्या दोन शब्दांना ती कधी अडखळतही नसे. आयुष्यभर तेच तर म्हणत आली होती. पण आज जाऊ दिलं असतं तर राजाचं वाक्य कायमचं राहून गेलं असतं, आणि ते पुरं करायला तिनं हे सगळं वाळवंट उभं केलं होतं. तिनं अर्पितासमोरचा, जडीबुटीवालीची माहिती लिहिलेला कागद उचलला आणि पालथा घातला. जडीबुटीवाली मेली.

मग दिग्विजयनं हात पुढं केला. "आण तुझी वही इकडं. राजाचं मी वाचतो, बाकीचं तू सांग." अगदी प्रेमानं म्हणाला तो. त्यानंच शिवलीला जास्त चिडली.

"राजा मी हाय," शिवलीला म्हणाली.

"मग मी काय करू?"

"ऐक."

खाली रस्त्यावर जीपवाला 'उमरगा, उमरगा' ओरडत होता. दिग्विजयला त्याच जीपनं जायचं होतं. तो अर्धवट उठला, पालथ्या कागदाकडे त्याची नजर गेली आणि तो परत बसला.

राजानं पहिल्यापासून सुरुवात केली. "मला ह्या थ... थड... थडग्यातनं ब..."

तिथं गाडी रुतली. शिवलीलाचे ओठ मिटले ते उघडेनात. मानेची शीर तटतटली, कपाळावर घाम आला. दिग्विजयचा पाय हलायला लागला. त्यानं पंख्याकडे पाहिलं, मग खतांच्या कॅलेंडरवरची देवी बघून झाली. शब्द त्याच्या अगदी जिभेवर आला होता. खाली दोनदा हॉर्न वाजला. अर्पिताला तर हे बघवेना, तिनं ओढणीचा बोळा करून दातांखाली धरला. जीप निघून गेली.

"...बाहेर काढू नका," राजा म्हणाला.

दोघं बघतच राहिले. राजाला सोडवायला म्हणून तर सगळं वाळवंट तुडवलं होतं. दिग्विजयच्या पखालीत पाण्याचा टिपूस उरला नव्हता आणि उंट केव्हाच मेला होता.

शिवलीलानं घाम पुसला. ती हसत होती. तिनं पुन्हा श्वास भरून घेतला.

"मग आमी आलो कशाला हितं?" दिग्विजयनं सुरू केलं. "का न्हाय काढा—"

अर्पितानं त्याच्या तोंडावर हात दाबला.

"गप," ती म्हणाली. "ती बोलायली अजून."