कॅप्टनची तयारी

"तुम्हांला मूल आहे?" तिच्या सासऱ्यांनी, आप्पांनी, टेबलापलीकडून विचारलं.

"हो, एक मुलगी. नुकती बोलायला—"

"थांब." आप्पांनी टेबलावर बोट आपटलं. "पुन्हा. 'आहे' म्हणायचं आणि तोंड मिटायचं. मुलीचा विषय निघाला की तुझा चेहरा बदलतो. निवड मंडळाला समोर आई दिसता कामा नये. अधिकारी दिसला पाहिजे."

मुलाखतीच्या सरावासाठी त्यांनी घरातल्या घरात कोट चढवला होता. पायांत मात्र सपाता. एरवी तिला हसू आलं असतं.

आप्पा सैन्यात कवायत शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे तिचा नवरा, लेफ्टनंट असतानाच घाटात गाडी कोसळून गेला. घरात त्याला लहानपणापासून 'कॅप्टन' म्हणत. ते पद मिळायचं राहूनच गेलं. त्यानंतर सासरचे आपल्याला माहेरची वाट दाखवतील, असं तिला वाटलं होतं. झालं भलतंच. कामावर असताना गेलेल्या अधिकाऱ्याच्या पत्नीला लेखी परीक्षा माफ असते, हे आप्पांनीच शोधून काढलं. तिला तर सासूसासऱ्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं.

पहाटे मैदानावर आप्पा शिट्टी घेऊन उभे राहायचे. सासूबाईंनी, माईंनी, नवऱ्याचे ट्रॅकसूट उसवून तिच्या मापाचे करून दिले. "नवे कशाला? घरचेच आहेत." केसही आप्पांनीच कापले, मागच्या दारी खुर्ची टाकून. "तिकडे वेणीफणीला वेळ कुठला? परक्यानं भादरण्यापेक्षा आपण कापलेले बरे." नवऱ्याच्या काळ्या ट्रंकेवर त्याचं आडनाव पांढऱ्या रंगात तसंच होतं. आडनाव तेच, तेव्हा पुन्हा रंगवायचा प्रश्नच आला नाही.

तिचा जीव अडकला होता तो लेकीत, चिमणीत.

"माई, मला विसरली तर ती?"

"अगं, पोर कधी आपलं माणूस विसरतं होय?" माई चिमणीला खांद्यावर थोपटत होत्या. "मी आहे ना! रोज फोटो दाखवीन, रोज सांगेन. आजपासून माझ्याजवळच झोपू दे तिला. एकदम तुटण्यापेक्षा हळूहळू सुटलेलं बरं."

ते तिला पटलं. भिंतीपलीकडून चिमणीचं रडणं ऐकत ती उशीत तोंड खुपसून पडायची. काही दिवसांनी रडणं थांबलं. त्याचं तिला बरंही वाटलं आणि वाईटही.

मंडळानं निवडलं त्या दिवशी आप्पांनी दारातच कडक सलाम ठोकला. "शाब्बास, कॅप्टन!"

तो शब्द घरात कितीतरी दिवसांनी उच्चारला गेला. माई हसल्या. एवढा मान कुठल्या सुनेला मिळतो, असं वाटून तिचे डोळे भरून आले.

लष्करी प्रबोधिनीत तिच्या खोलीत एक उंच, लांब टांगांची मुलगी होती. सगळे तिला उंटीण म्हणत. सकाळच्या तपासणीत चादरीवर एक सुरकुती दिसली तर दोघींना शिक्षा. म्हणून पलंग एकदा ताणून लावायचा आणि आपण खाली फरशीवर झोपायचं, अशी तिथली सगळ्यांचीच रीत.

"पलंग पाहुण्यांसाठी," उंटीण म्हणायची.

जाग आली की वरचे ते दोन कोरे पलंग दिसायचे. माणसं उठून कायमची निघून गेल्यासारखे. ती कूस बदलायची.

फोन फक्त रविवारी. पहिल्या रविवारी ती चिमणीशी भरभरून बोलली. दुसऱ्या रविवारी माईंनी आधीच बजावलं. "तू बोलू नकोस बाई, नुसतं ऐक. तुझा आवाज कानावर पडला आणि पोर दोन दिवस जेवली नाही."

मग ती तोंडावर हात दाबून ऐकत राहायची. पलीकडून चिमणी सांगायची, "आज मांजर आलं. मी नाही घाबरले."

"आठवण काढते का हो?" ती शेवटी माईंना विचारायची.

"काढते तर! कधी येणार, कधी येणार, नुसता धोशा."

"नशीबवान आहेस," उंटीण म्हणायची. "माझी आई फोन उचलल्या उचलल्या विचारते, काढलं का गं तुला?"

दोरावरून पडून तिचा घोटा सुजला तेव्हा डॉक्टर म्हणाले, विश्रांती घे, पुढच्या तुकडीबरोबर पूर्ण कर. म्हणजे आणखी सहा महिने. चिमणी तोवर खरंच विसरली असती. तिनं घोटा करकचून बांधला आणि शेवटची दौड धावली. अर्ध्या वाटेनंतर उंटिणीनं तिला रायफलच्या पट्ट्याला धरून ओढलं. "चल गं, लेकुरवाळे! रडायचं ते पलीकडे जाऊन रड."

दीक्षान्त संचलन संपलं. खांद्यावरचे झाकलेले तारे घरच्यांनी उघडायचे असतात. एका खांद्याला आप्पा, दुसऱ्या खांद्याला माई. माईंनी तिची टोपी नीट केली आणि जरा मागे सरून डोळे भरून पाहिलं.

मग माईंच्या मागून चिमणी पुढे आली. केवढी उंच झाली होती! तिच्यासमोर ती गुडघ्यांवर बसली. आदेश देऊन देऊन तिचा आवाज पार बसला होता.

"ओळखलंस मला?"

चिमणी धावत आली आणि गळ्यात पडली. घट्ट. वर्षभर छातीवर बसलेला धोंडा उतरला आणि इतक्या लोकांसमोर तिला रडू फुटलं.

"बघ, उगाच घोर लावून घेतला होतास," उंटीण नाक ओढत म्हणाली. "काय गं चिमणे, कोण आहे ही?"

"माझे बाबा."

उंटीण खो खो हसली. हसता हसता तिनं आप्पांकडे पाहिलं, मग माईंकडे. आणि ती हसायची थांबली.

चिमणीनं फ्रॉकच्या टोकानं तिचे गाल पुसले. मोठ्या माणसासारखं पाठीवर थोपटलं.

"रडायचं नाही, बाबा. आई देवाकडे गेली ना, म्हणून आजीनं तुला परत आणलं."